वर्नाचं विसावं लग्न

वर्ना ब्रुबेकरने आजवर एकोणीस लग्नं लावली होती आणि स्वतः एकही केलं नव्हतं. याचं तिला दुःख नव्हतं. बासष्टीची बाई, लँकेस्टरच्या उतारावर स्वतःचं घर, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या, दाराशी जुनी पण न कुरकुरणारी गाडी आणि कुंपणापलीकडे सव्हिला एश. आणखी माणसाला काय लागतं, असं ती विचारायची आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागायची.

काम म्हणजे कादंबऱ्या, त्याही मोटार आणि वीज वर्ज्य मानून जुन्या ख्रिस्ती रीतीने राहणाऱ्या अमिश शेजाऱ्यांवरच्या. एक अमिश मुलगी, एक अमिश मुलगा, मध्ये एखादा गैरसमज, एखादा आजारी घोडा, देवावरचा जरा डळमळलेला आणि मग सावरलेला विश्वास, आणि शेवटी लग्न. चुंबन एकच. तेही शेवटच्या प्रकरणात, तेही थोडक्यात. हा प्रकाशकाचा नियम होता आणि वर्नाला तो सोयीचा होता, कारण त्या विषयात तिचा अभ्यास कमी पडायचा. नाकं मुरडणारे नाकं मुरडायचे. पण कुठल्या कुठल्या गावांतून बायका तिला कळवायच्या की तुमचं पुस्तक वाचलं आणि कित्येक वर्षांनी प्रार्थनेला बसले. वर्नाला त्याचं मोल होतं, आणि ते असायलाच हवं.

वर्ना काही अमिश नव्हती. ती मेनोनाइट पंथाच्या घरातली, म्हणजे अमिशांच्या नात्यातलीच, पण चुलत. ती गाडी चालवायची, विजेवर स्वयंपाक करायची. तरी आजीची बोली तिला येत होती, आणि एकाआड एक येणारा अमिशांचा उपासनेचा रविवार कुठला अन् मोकळा कुठला हे तिला न विचारता ठाऊक असायचं. शेजारच्या अमिश बायकांना दूर कुठे जायचं असलं की त्या वर्नाची गाडी सांगायच्या. इतकं सगळं असूनही पुस्तकात चुका राहायच्याच, आणि त्या काढायला सव्हिला होती.

सव्हिला वर्नाहून आठ वर्षांनी लहान. नवरा जाऊन बराच काळ झालेला. मोठा मुलगा एलम शेती बघायचा, आणि त्याच्या घराला जोडून बांधलेल्या धाकट्या घरात ही राहायची. प्रकरण लिहून झालं की वर्ना ते कुंपणावरून तिच्या हातात द्यायची. सव्हिला एलमची सुतारकामाची चपटी पेन्सिल कानामागून काढायची आणि ओसरीवर बसायची.

"ही तुझी रूथ सोमवारी स्ट्रॉबेरी तोडायला गेली?"

"गेली. मग?"

"सोमवारी? आणि हिचं धुणं कोण धुतंय, बिशप?"

किंवा मग, "अगं, ही धार काढता काढता ढसाढसा रडते."

"रडू दे की बिचारीला. सोडून गेलाय तो तिला."

"गाय पान्हा चोरेल. तो गेला तो गेला, वर दूधही जाईल."

मुखपृष्ठं तर सव्हिलाच्या करमणुकीचा ठेवाच होती. प्रत्येक पुस्तकावर गव्हाच्या शेतात उभी असलेली एक गोरीपान पोरगी, टोपीतून बटा सुटलेल्या, मान वळवून मागे बघणारी.

"या सगळ्या मागे काय बघतात गं? कुणी हाक मारली काय?"

"ते प्रकाशकाचं खातं. माझ्या हातात नाही."

"आणि ओठ बघ. ब्लॅकबेरी चोरून खाल्ल्यासारखे. आईने विचारलं तर काय सांगेल?"

एवढी चेष्टा करायची, पण शेवटचं प्रकरण वाचताना हीच सव्हिला पदरात, म्हणजे एप्रनमध्ये, नाक शिंकरायची. सर्दी झाल्याचं सांगायची.

वर्नाची हातखंडा जागा म्हणजे पुकाऱ्याचा रविवार. शरद ऋतूतलं प्रभुभोजन झालं की मग पुकारे सुरू होतात. उपासना संपत आली की डीकन, म्हणजे मंडळीचा कारभारी, उठतो आणि अमक्याचं तमकीशी ठरलंय असं मंडळीला सांगतो. तोवर कुणी अवाक्षर काढायचं नाही, आणि ज्यांना कळलंय त्यांनीही कळल्याचं दाखवायचं नाही. त्या रविवारी मुलगी उपासनेला जातच नाही. घरी राहते, चांगला झगा घालते, दोघांपुरतं रांधते. पुकारा झाला की मुलगा शेवटच्या गीताआधी उठतो, सगळ्यांच्या नजरा पाठीवर घेऊन बाहेर पडतो, घोडा जुंपतो आणि तिच्याकडे जेवायला येतो. घरात तिसरं कुणी नाही. वर्नाने हे जेवण उन्हात घातलं होतं, पावसात घातलं होतं, एकदा तर अवेळी पडलेल्या बर्फातही घातलं होतं, आणि दर वेळी तिचे स्वतःचेच डोळे भरून यायचे.

विसावं पुस्तक मात्र अडलं. या खेपेला नायिका कोवळी पोर नव्हती. लव्हिना नावाची पन्नाशीची विधवा होती, आणि दूरच्या खोऱ्यातला एक विधुर तिला मागणी घालत होता. हो म्हणायचं तर घर, बाग, माणसं, सगळं सोडून जायचं. वर्नाने तिला नाही म्हणायला लावलं. शेवटच्या पानावर लव्हिना आपल्या वाफ्यात उभी राहते, हातात मूठभर माती घेते आणि म्हणते, देवाने मला इथे लावलंय, मी इथेच फुलेन. वर्नाला ते वाक्य इतकं आवडलं की ती उठून फेरी मारून आली.

संपादिकेला नाही आवडलं. ट्रिशचा फोन आला.

"वर्ना, प्रेमकथा आहे ना गं ही? प्रेमकथेत बाई नाही कशी म्हणेल?"

"माझी म्हणते."

"वाचक पुस्तक भिंतीवर आपटतील."

"आपटू देत. कागदी बांधणी आहे, भिंतीला काही होत नाही."

"महिनाअखेरीपर्यंत विचार कर," ट्रिश म्हणाली, आणि फोन ठेवताना तिने देवाचं नाव घेतलं, पण ते आशीर्वादासाठी नसावं.

ट्रिश काय, ती सोळाव्या पुस्तकालाही ओरडली होती. वर्नाला खरी काळजी वेगळीच होती. सव्हिलाने मान डोलावल्याशिवाय तिने आजवर एकही पुस्तक पाठवलं नव्हतं, आणि सव्हिला ते शेवटचं प्रकरण तीन आठवडे धरून बसली होती. एरवी दोन दिवसांत परत यायचं.

"वाचलंस?"

"वाचतेय."

"वीस पानं आहेत, सव्हिला."

"अक्षर बारीक आहे."

अक्षर दर वेळचंच होतं. वर्नाच्या मनात पाल चुकचुकली. आवडलं नसेल. शेवट फसला असेल, आणि बिचारीला तोंडावर सांगवत नसेल. पण सव्हिलाला तोंडावर न सांगवण्यासारखी गोष्ट अजून या खोऱ्यात जन्माला आली नव्हती. मग काय झालं असेल?

शिवाय सव्हिला हल्ली घरी सापडायची कुठे? उन्हाळाभर एक शनिवार सोडून एक शनिवार तिला शुगर व्हॅलीला जायचं असायचं. तिथे तिची बहीण मॅटी राहायची आणि मॅटीचा खुबा दुखायचा. अडीच तासांची वाट. नेणार कोण? वर्नाच. मॅटीच्या घरासमोर बेन्युएल रील नावाच्या विधुराचं घोड्यांच्या साजाचं दुकान होतं. दुकानात एक बरी खुर्ची होती आणि कॉफी उत्तम असायची, म्हणून वर्ना सव्हिलाची वाट बघत तिथेच मासिक वाचत बसायची. बेन्युएल मोजकं बोलायचा, चामडं शिवत राहायचा. मधूनच सव्हिला समोरून यायची. आज लगाम शिवून घ्यायचा आहे, आज तंगाचा पट्टा बदलायचा आहे. दोघं दुकानाच्या मागच्या अंगाला पट्टे बघत बराच वेळ घालवायची. एका म्हाताऱ्या घोड्याला इतके पट्टे लागतात हे वर्नाला माहीत नव्हतं. पुढच्या पुस्तकात उपयोगी पडेल म्हणून तिने ते लक्षात ठेवलं.

आणि बागेत सेलरी, ती जाड देठांची भाजी. अमिशांकडे लग्नाच्या पंगतीला ढिगांनी सेलरी लागते, म्हणून लग्नाच्या वयाची मुलगी असलेल्या घरी सेलरीचे वाफे वाढले की शेजारीपाजारी एकमेकांना कोपरखळ्या मारतात. ही कोपरखळी वर्नाने चौदा पुस्तकांत मारली होती. यंदा सव्हिलाच्या बागेत सेलरी कुंपणापर्यंत आली, तेव्हा वर्नाने विचारलं, "एवढी कशाला गं?"

"एलमच्या बायकोला सूप आवडतं," सव्हिला म्हणाली.

"बरं असतं सूप," वर्ना म्हणाली, आणि आत जाऊन लव्हिनाच्या नकाराचा मसुदा पुन्हा घासूनपुसून लख्ख करू लागली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

ऑक्टोबरातल्या एका उपासनेच्या रविवारी सकाळी बग्ग्यांची रांग वर्नाच्या खिडकीखालून ज्यांच्या घरी त्या खेपेची उपासना होती त्या ग्लिकांच्या शेतघराकडे गेली. एलम, त्याची बायको आणि मुलं गेली. सव्हिला दिसली नाही. वर्ना स्वतःही त्या दिवशी आपल्या चर्चला गेली नव्हती. देवाच्या नावाने पुस्तक पुरं करायचं म्हणून देवाच्याच घरी दांडी मारली होती, आणि ते तिला टोचत होतं. त्यामुळे ती खिडकीतून जरा जास्तच बघत होती. सव्हिलाच्या धुराड्यातून धूर निघत होता.

नवरा गेल्याच्या आठवड्यातसुद्धा जिने उपासना चुकवली नव्हती, ती बाई घरी? आता तिला सगळं उलगडलं. तीन आठवडे प्रकरण वाचून होत नाही, शनिवारी येताना गाडीत गप्प बसते, परवा तर स्वतःशीच हसली आणि विचारल्यावर लाल झाली. ताप असणार. आजारी आहे आणि कुणाला सांगत नाही. मॅटीच्या खुब्याच्या नावाखाली तिकडच्या डॉक्टरकडे जात असणार!

तिने कोंबडी आणि मक्याचं सूप गरम केलं, पातेलं टॉवेलात गुंडाळलं आणि कुंपणाच्या फटीतून तिरकी होऊन पलीकडे गेली.

सव्हिलाने दार उघडलं. अंगात निळा ठेवणीतला झगा, वर कोरा पांढरा एप्रन, टोपी कडक इस्त्रीची, गाल भट्टीसमोर उभं राहिल्यासारखे.

"वर्ना!" ती म्हणाली. स्वागताचा सूर नव्हता तो.

"ताप आहे ना? मला वाटलंच. गाल बघ तुझे. सरक, आत येऊ दे, पातेलं हाताला भाजतंय."

"मला काही झालं नाही. तू घरी जा. लिहीत बस."

"काही झालं नाही म्हणणारीच माणसं जातात," वर्ना म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसली.

घरभर भाजलेल्या कोंबडीचा वास होता. चुलीवर बटाटे, शेजारी मलईतली सेलरी. टेबलावर पांढरं कापड, त्यावर सव्हिलाच्या आईची निळ्या काठाची चिनी मातीची ताटं. दोन. वर्नाने हे सगळं नीट पाहिलं. ती लेखिका होती, निरीक्षण हा तिचा धंदा.

"डीकन येणार आहे का भेटायला?" तिने काळजीने विचारलं. "इतकं गंभीर आहे?"

"वर्ना, मी तुझ्या पाया पडते, घरी जा."

"आजारी माणसाने एवढा स्वयंपाक करायचा असतो? कुणासाठी हे?"

सव्हिलाने घड्याळाकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. मग दोन्ही हात एप्रनला पुसून ती वर्नासमोर उभी राहिली.

"पुस्तकं किती लिहिलीस तू?"

"एकोणीस. तुला माहीत नाही?"

"आणि त्यातल्या कितींमध्ये बाई उपासनेला न जाता घरी राहते, चांगला झगा घालते आणि दोघांपुरतं रांधते?"

"सगळ्यांतच," वर्ना म्हणाली. "तो तर माझा..."

तिने ताटांकडे पाहिलं. सेलरीकडे पाहिलं. सव्हिलाकडे पाहिलं, आणि या वेळी पहिल्यांदा खरोखरच पाहिलं. मांडीवरचं पातेलं एकदम फार जड झालं.

"कोण?" तिने विचारलं, अगदी बारीक आवाजात.

"बेन्युएल."

"साजवाला बेन्युएल? अगं, पण मी तिथे बसलेली असायचे!"

"होतीस की. उन्हाळाभर. मासिक वाचत."

"मला वाटलं घोड्याचे पट्टे..."

"माझा घोडा एकोणीस वर्षांचा आहे, वर्ना. त्याला आता पट्ट्यांचं कसलं कौतुक?"

"म्हणजे तुमचं सगळं... माझ्या गाडीतून?"

"मैलामागे ठरलेला दर घेऊन," सव्हिला म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. वर्नालाही हसू फुटलं. मग मध्येच ते थांबलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"पुकाऱ्याआधी सांगायचं नसतं. तूच लिहितेस ना? आणि तू ते पुस्तकात घातलं असतंस."

"मुळीच नाही!"

"एलमची बोकडाने केलेली फजिती घातलीस. अख्ख्या मंडळीने ओळखली. पोरगं अजून कुणाशी त्याबद्दल बोलत नाही."

वर्नाला एक प्रश्न विचारायचा होता आणि विचारायचा नव्हता.

"तो इकडे येणार? की तू..."

"त्याचं दुकान तिकडे. चामडं, यंत्रं, गिऱ्हाईक, सगळं तिकडे." सव्हिलाचं हसू विझलं. "मी जाणार."

बाहेर चाकं वाजली. कुणाची तरी मागून आणलेली बग्गी अंगणात वळली. वर्ना उठून मागच्या दाराकडे निघाली, पण मागच्या दाराशी बटाट्यांची पोती रचलेली होती, आणि तेवढ्यात पुढच्या दारातून बेन्युएल रील आत आला. हातात हॅट, दाढी तशीच, पण मिशी नुकतीच भादरलेला तकतकीत वरचा ओठ, आणि सगळ्या मंडळीच्या नजरा पाठीवरून अजून न उतरलेल्या. होणारी बायको सोडून त्याला आधी दिसली ती टॉवेलातलं पातेलं छातीशी धरलेली वर्ना.

"अरेच्चा, ड्रायव्हरबाई!" तो म्हणाला. तिच्याशी तो आजवर बोललेल्या वाक्यांत हेच सगळ्यांत लांब होतं. मग त्याने घसा साफ केला. "बसा की. तुमच्याशिवाय हे जुळलं नसतं. तिसरं ताट मांडू."

सव्हिलाचा चेहरा वर्नाला वाचता येत होता.

"नको," वर्ना म्हणाली. "तिसऱ्या माणसाला या खोलीतून मी एकोणीस वेळा बाहेर काढलंय. विसाव्या वेळी मीच बसून राहू? देव तुमचं भलं करो. कोंबडी करपायच्या आत जेवा."

पातेलं तिने ओट्यावर ठेवलं आणि ती पुढच्या दाराने, ताठ मानेने, घरी गेली.

घरी येऊन ती रडली. सव्हिलासाठी आनंद झाला होता, तो खराच होता. पण आता दुपारी कुंपणावरून हाक कुणाला मारायची? सोमवारच्या धुण्यावरून, गायीच्या पान्ह्यावरून आपली कानउघाडणी कोण करणार? वर्नाला स्वतःचा रागही आला. जगभरच्या बायकांना ती प्रेमाची चिन्हं शिकवत होती, आणि दिव्याखाली हा एवढा अंधार. पुस्तकाचं तिला त्या दिवशी आठवलंसुद्धा नाही.

सोमवारी सव्हिलाचं धुणं दोरीवर चढलं, आणि मग ती स्वतः आली. एका हातात धुतलेलं पातेलं, दुसऱ्या हातात प्रकरण. दोघी वर्नाच्या टेबलाशी बसल्या. वर्नाने कॉफी ओतली.

"हे चुकलंय," सव्हिला म्हणाली आणि प्रकरण पुढे सारलं.

"कुठलं वाक्य?"

"सगळंच. ती जाईल."

"तू चाललीस म्हणून तीही जाईल होय?" वर्नाच्या आवाजाला धार आली. "तीन आठवडे हेच ठरवत होतीस? माझ्या पुस्तकावरून?"

"खुळी आहेस का? पुस्तकावरून कुणी लग्न करत नाही, आणि मोडतही नाही. पण मी तुला काही विचारायच्या आधीच तुझं उत्तर माझ्या हातात आलं, वर्ना. वीस पानांचं. जाऊ नकोस म्हणून. त्याने विचारलेलं होतं, मला हो म्हणायचं होतं, आणि रोज संध्याकाळी मी ते काढून वाचायचे आणि गप्प बसायचे. तो बिचारा वाट बघत राहिला, मग एकदाचं मी हो म्हटलं."

वर्नाने मान खाली घातली. "मला काही ठाऊक नव्हतं. शपथ."

"माहीत आहे. आम्ही शपथ घेत नाही, पण माहीत आहे." सव्हिलाने तिच्या कपात साखर घातली, विचारल्याशिवाय, नेहमीची. "तू इथे सुखी आहेस. एकटी राहतेस, लिहितेस, गाडी काढतेस, कुणाचं ऐकत नाहीस. ते खरं सुख आहे, मी रोज बघते. तेच तू उचलून लव्हिनाला घातलंस. पण तुझं सुख तिच्या अंगाला बसत नाही गं. बाह्या लांब होतात."

वर्नाने कॉफी ढवळली.

"तू जाऊ नयेस असं मला वाटतं," ती म्हणाली. आयुष्यात इतकं सरळ वाक्य तिने कागदावरही लिहिलं नव्हतं.

"मलाही वाटतं," सव्हिला म्हणाली. "आणि मला जायचंही आहे. दोन्ही एकाच वेळी. तुझ्या पोरी एक तर रडतात नाही तर हसतात. दोन्ही एकदम करणारी एकही नाही, एकोणीस पुस्तकांत. तेवढं लिही या वेळी."

वर्नाने ट्रिशला फोन करून सांगितलं की बाई हो म्हणते. ट्रिशने पलीकडून हालेलुया म्हटलं, आणि ते मनापासून होतं.

पुढचे दिवस वर्ना लिहीत राहिली आणि कुंपणापलीकडे लग्नाची गडबड चढत गेली. बाकं आली, मांडव नव्हे पण कोठार झाडून धुऊन निघालं, एलमच्या अंगणात कोंबड्यांची संख्या रोडावली. वर्नाला लिहिताना त्रास झाला, पण चांगला त्रास. तिची लव्हिना हसता हसता रडली आणि शब्द सापडत गेले. लग्नाआधीच्या शनिवारी तिने खिडकीतून हाक मारली. सव्हिला हातातलं टाकून आली, कोपरापर्यंत पिठाने भरलेली. हात पुसले, पेन्सिल कानामागून काढली आणि वाचायला बसली.

वर्ना समोर बसून तिचा चेहरा बघत होती. एकदा नाक शिंकरलं गेलं. एकदा नव्हे, दोनदा. पेन्सिल तशीच हातात. शेवटच्या पानावर मात्र ती थांबली, आणि तिने मोठ्याने वाचलं.

"'शेजारीण कुंपणाशी उभी राहिली. लव्हिनाची बग्गी वळणाआड जाईपर्यंत ती हात हलवत होती. मग ती वळली आणि आपल्या शांत घरात परत गेली.'" सव्हिलाने चष्म्यावरून पाहिलं. "ही कोण?"

"शेजारीण आहे. नवीन घातली."

"आणि ही नुसती उभी?"

"निरोप देतेय. वाईट वाटतंय तिला. रडतेय मनातून."

"रडू दे. पण उभं राहून का? आमच्यात कुठली शेजारीण कुंपणाशी उभी राहून हात हलवते? तिकडे बायको जाऊन चार वर्षं झालेल्या पुरुषाचं घर आहे. त्या घरात ही लव्हिना तशीच जाऊन राहणार? आधी जाऊन भिंती कोण पुसणार, फडताळं कोण घासणार? खिडक्या तर मी पाहिल्यात, बाहेरचं दिसत नाही त्यातून."

"म्हणजे पुस्तकात..."

"पुस्तकाचं तू बघ," सव्हिला म्हणाली आणि पेन्सिल टेबलावर ठेवली. "लग्न मंगळवारी. आपण गुरुवारी सकाळी निघायचं. मॅटी तिची बादली देईल, पण त्या बादलीला कडी नाही. आणि जुनी चिंध्यांची फडकी भरपूर घे, दोन दिवस तरी पुरायला हवीत. झोपायची सोय मी केलीय. वरच्या खोलीत, उगवतीची खिडकी, टेबलही ठेवायला सांगितलंय त्याला. तुला लिहायला लागतं ना."

वर्नाने पेन्सिल उचलली, कुंपण खोडलं, हलणारा हात खोडला, शांत घर खोडलं, आणि उठून ओट्याखाली बादली शोधायला वाकली.